खोट असेल ती सुरी खरी

चांगल्या वस्तूचा किस्सा होत नाही. खोकं येतं, आपण ते उघडतो, वस्तू छान निघते, कपाटात जाते आणि विषय संपतो. किस्सा होतो तो वस्तूत काहीतरी वाकडं निघालं की. आमच्या कंपूत असे किस्से इतके साठलेत की दोघं भेटले की तिसऱ्याच्या सुरीबद्दल बोलतात. हे सगळं लिहून काढ म्हणून मंदार माझ्या मागे लागला होता, कारण यात सगळ्यात शहाणा तोच दिसेल अशी त्याची समजूत आहे. बघू.

आधी वस्तू सांगते. बटरफ्लाय नाइफ म्हणजे एक पातं आणि त्याला दोन मुठी. मिटली की पातं मुठींच्या मधे लपतं, मनगटाला झटका दिला की मुठी पंखांसारख्या उघडतात. इथे ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समध्ये, ही परमिटशिवाय ठेवता येत नाही. आमच्याकडे परमिट आहे, भिंतीत ठोकलेली तिजोरी आहे, आणि पोलीस येऊन ती बघूनही गेलेत. या सुऱ्यांनी आम्ही साधी काकडीसुद्धा कापत नाही. त्या जमवतो, पुसतो आणि त्यांच्यावरून भांडतो.

"पण बाईमाणसाला कशाला हवं हे?" असं महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात मला कोणीतरी विचारतंच. पैठण्या जमवल्या असत्या तर कोणी विचारलं नसतं. पूर्वी मी उत्तर द्यायचे. आता श्रीखंड वाढून घेते आणि पुढच्या टेबलावर जाते.

कंपू लहानच आहे. मी वैशाली, सिडनीत वेस्टमीडला हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मंदार पुण्याचा मेकॅनिकल इंजिनीअर, एका कारखान्यात क्वालिटी बघतो. डेव्ह हा आमच्या सुरी-संग्राहकांच्या क्लबचा सेक्रेटरी, उंच, पांढऱ्या दाढीचा, आणि बोलायला अगदी कंजूष. चौथी अश्विनी. ती कशी आली ते पुढे सांगते.

*

मंदारच्या खिशात एक वेळ रुमाल नसेल, पण केसभराची जाडी मोजणारा व्हर्नियर असतो. नवी सुरी आली की तो आधी मोजतो आणि मग बघतो.

एकदा त्याच्या सुरीचं पातं मिटल्यावर बरोबर मधोमध बसेना. डाव्या मुठीकडे झुकायचं, केसभर. मला तर चष्मा लावूनही दिसलं नाही. त्याने कंपनीला आकृतीसकट भलीमोठी इमेल पाठवली. कंपनीचं उत्तर आलं, दोन शब्दांचं: "विदिन टॉलरन्स."

टॉलरन्स म्हणजे कारखान्याने स्वतःच स्वतःला दिलेली सूट. इतकं इकडेतिकडे चालेल, असं आधीच ठरवून ठेवलेलं. मंदार जन्मभर गिऱ्हाइकांना हेच सांगत आलाय, पण स्वतः ऐकायची पाळी आली तेव्हा त्याचं जेवणावरून लक्ष उडालं. "टॉलरन्स त्यांचा," तो म्हणाला, "आणि टॉलरेट मी करायचं?"

त्याच्या बायकोने तो शब्द बरोबर उचलला. परवा आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. मंदारला वाढलेली पोळी एका बाजूने करपली होती. त्याने ती उचलून उजेडाकडे धरली.

"विदिन टॉलरन्स," ती म्हणाली. "खा."

*

डेव्हचा एक मित्र देशाच्या उत्तर टोकाला, डार्विनला असतो, बॅरी. त्याने लाकडी मुठींची एक देखणी सुरी घेतली. एकाच मॉडेलच्या दोन लाकडी मुठी कधी सारख्या नसतात, रेघा वेगळ्या, वजन वेगळं, आणि लाकूड किती सुकवलंय तेही वेगळं. बॅरीच्या वाट्याला आलेलं लाकूड बहुतेक कच्चं होतं. डार्विनच्या पावसाळी दमट हवेत ते फुगलं आणि पातं आत अडकून बसलं.

मंदारला तर असा रुग्ण हवाच होता. त्याने डेव्हला फोन स्पीकरवर टाकायला लावला आणि बॅरीला घासायचं कसं, तेल कुठलं लावायचं, कुठून लावायचं, सगळं समजावलं. बॅरीने शांतपणे ऐकून घेतलं.

"नो वरीज, मेट," तो म्हणाला. "शी वोन्ट ओपन टिल मे."

मे महिन्यात तिकडे हवा कोरडी होते. सुरी उघडली. आता डार्विनचा पावसाळा संपला की नाही हे डेव्ह हवामानखात्याला न विचारता बॅरीला विचारतो.

*

अश्विनी आमच्यात आली ती माझ्या रक्तामुळे.

या सुरीच्या दोन मुठींपैकी एक सेफ असते. ती धरली तर पात्याची बोथट बाजू बोटांवर येते. दुसरी चावरी, तिच्या बाजूला धार. ओळखायची खूण अशी की चावऱ्या मुठीच्या टोकाला बहुधा मिटलेल्या मुठी अडकवायची कडी असते. कडी दिसली की ती मूठ धरायची नाही. माझ्या एका सुरीला कारखान्यात कोणीतरी कडी चुकून दुसऱ्याच मुठीला बसवली होती. मी सवयीने बिनकडीची मूठ धरली, झटका दिला, आणि शनिवारी दुपारी हाताला टॉवेल गुंडाळून आमच्याच हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जाऊन बसले.

नर्सने माझं नाव वाचलं आणि सरळ मराठीत शिरली. "कसं झालं, ताई?"

"कांदा चिरताना."

तिने माझा हात उलटा केला. जखम बोटांच्या पाठीवर, ओळीने, पट्टी लावून आखल्यासारखी.

"कांदा मागून चालून आला का?"

तिने जखम धुतली, आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "कडी उलट्या मुठीला होती ना? माझ्याकडे आहे तशी एक. मी तिला लाल टेप लावून ठेवलीय."

ती सांगलीची. इथे शिकायला आली आणि शिकून इथेच राहिली. परमिट होतं, पण तिच्या क्लबात सगळे साठीच्या पुढचे, तेही फक्त फिशिंगबद्दल बोलणारे. तिला मी तिथल्या तिथे आमच्यात ओढली.

पट्टी बांधून झाल्यावर तिने ग्लव्ह्ज काढले. दोन्ही हातांवर, बोटांपासून मनगटांपर्यंत, पांढरे चट्टे होते. मी बघितलं आणि नजर वळवली. ती वळवलेली नजर तिने पकडली.

"कोड आहे, ताई. चिकटत नाही. तुमची सुरी जास्त डेंजरस आहे."

*

माझी मुलगी इरा यंदा युनिव्हर्सिटीत गेली. तिच्याशी मराठीत बोललं की ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि तेही उपकार केल्यासारखं.

माझ्याकडे एक सुरी आहे, तिच्या पात्यावर कंपनीचा शिक्का उलटा बसलाय. डोकं खाली, पाय वर. कारागिराने पातं उलटं धरलं असणार. मी ती कौतुकाने इराला दाखवली.

"मम, इट्स ब्रोकन."

"ब्रोकन नाही गं, वेगळी आहे. अशा फार थोड्या असतात."

"दॅट्स एक्झॅक्टली व्हॉट यू सेड अबाउट माय टीथ," ती म्हणाली. "देन यू गॉट मी ब्रेसेस."

*

एकदा डेव्हने क्लबात दोन सुऱ्या टेबलावर ठेवल्या. दिसायला अगदी जुळ्या. एक नावाजलेल्या कंपनीची अस्सल, दुसरी तिची नक्कल. कुठली कुठली ते ओळखा, एवढंच म्हणाला आणि चहा करायला गेला.

मंदारने व्हर्नियर काढला. लांबी, जाडी, पात्याचा कल, कडीची फट, सगळं मोजलं. चहा होऊन थंड झाला. शेवटी त्याने एक सुरी पुढे सरकवली. "ही अस्सल. हिच्यात नाव ठेवायला जागा नाही."

अश्विनी शिफ्ट संपवून तेवढ्यात आली होती. बॅगसुद्धा खाली न ठेवता तिने दुसरी उचलली, डोळ्यांसमोर धरली आणि म्हणाली, "ही खरी. हिच्या पात्याला एका बाजूला धार जास्त घासलीय. हाताने केलंय कोणीतरी, आणि त्या दिवशी त्याचं लक्ष नव्हतं. मशीन कशाला असं करेल?"

डेव्हने मान हलवली. बरोबर होतं.

मंदार खवळला. "म्हणजे खोट आहे ती खरी?"

"हो. आणि खोट नाही ती खोटी."

आम्ही तिघं हसत सुटलो. डेव्हला कारण कळेना. मी त्याला भाषांतर करून सांगायला गेले. पहिलं वाक्य जमलं. दुसऱ्या वाक्याला मी अडकले, मंदारने प्रयत्न केला, तोही अडकला. डेव्हने थंड चहा सिंकमध्ये ओतला.

"सो शी वॉज राइट," तो म्हणाला.

बाकीचं मराठी आम्ही आमच्याकडेच ठेवलं.

*

खंडेनवमीला आम्ही सुऱ्यांची पूजा करतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं पुजायची ही रीतच आहे. इथले बाकीचे मराठी लोक लॅपटॉप आणि गाड्या पुजतात, आम्ही आमचं पुजतो.

एका वर्षी माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. मी तिजोरी उघडून माझ्या आणि बाकीच्यांनी आणलेल्या सुऱ्या पाटावर मांडल्या आणि झेंडूची फुलं आणायला मागच्या अंगणात गेले. सासूबाईंना पूजा हातचं राखून करता येत नाही. परत येऊन बघते तर प्रत्येक सुरीच्या नेमक्या खिळीवर, जिथे पातं फिरतं तिथे, चिमूटभर हळद आणि चिमूटभर कुंकू. वरून अक्षता.

मंदार रुमालासाठी खिसे चाचपायला लागला. त्या खिळींमध्ये इतके बारीक बेअरिंग असतात की तो तिथे तेलाचा थेंब घालताना श्वास रोखून धरतो.

नेमक्या त्याच वेळी मंडळाच्या एक बाई प्रसादाला आल्या आणि पाट बघून दारातच थबकल्या. "अहो, घरात असली शस्त्रं? लोक काय म्हणतील?"

सासूबाईंनी निरांजन खाली ठेवलं. "देवीच्या आठ हातांत काय लाटणी असतात का हो?"

मला त्या बाईंचा राग आला होता तो जागच्या जागी उतरला. लग्न झाल्यापासून सासूबाई माझ्या बाजूने इतक्या जोरात कधी बोलल्या नव्हत्या.

पुढे महिनाभर सुऱ्या उघडल्या की गुलाबी धूळ उडायची. अश्विनीने तिच्या एकीचा फोटो संग्राहकांच्या फोरमवर टाकला. कुंकू खिळीच्या भोवती मस्त गोल बसलं होतं. लगेच परदेशातून कोणीतरी विचारलं, हा लाल खिळीचा प्रकार आपण कधी पाहिला नाही, हा फॅक्टरीतूनच असा येतो का?

मंदारने उत्तर लिहिलं. "व्हेरी लिमिटेड. मेड बाय मदर-इन-लॉ."

*

अश्विनीने एक सुरी बरेच महिने वाट बघून मागवली. टायटेनियमच्या मुठी, गर्द निळ्या. टायटेनियमवर हा रंग फासत नाहीत, तो टाकीत बुडवून विजेने चढवतात. धातूवर कुठे तेलकट बोट लागलेलं असलं तर तिथे तो चढत नाही. कस्टम्सचे सगळे सोपस्कार होऊन खोकं आलं. उघडलं तर एका मुठीवर मधोमध फिकट चट्टा.

"हा मात्र सरळ सरळ डिफेक्ट," मंदार आनंदाने म्हणाला. अखेर त्याला टॉलरन्सच्या बाहेरचं काहीतरी मिळालं होतं. त्याने तिच्या वतीने कंपनीला फोटो पाठवले. कंपनीने या वेळी माफी मागितली. नवी पाठवतो म्हणाले. जुनी परत पाठवायची गरज नाही, तेवढी करवतीने कापून दोन तुकड्यांचा फोटो पाठवा.

आम्ही चौघं मंदारच्या गराजमध्ये होतो. त्याने करवत काढूनही ठेवली होती.

"रंग नीट चढला नाही म्हणून कापायची?" अश्विनी म्हणाली.

"पॉलिसी असते गं त्यांची. असा माल बाहेर फिरला तर नाव खराब होतं."

"कुणाचं?"

मंदार इंजिनीअर असला तरी मठ्ठ नाही. त्याने करवत उचलून भिंतीला टांगली. ती कंपनी कुठे आहे, तिथे कोण बसतं, मला काही माहीत नाही, पण त्या क्षणी मी तिथे असते तर कोणाची तरी कॉलर धरली असती.

अश्विनीने तिथेच स्टुलावर बसून फोनवर उत्तर लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं. "नथिंग रॉंग विथ हर. कीप युअर्स."

डेव्ह दाढी खाजवत म्हणाला, "फेअर इनफ."

*

सांगलीला अश्विनीची आई तिच्यासाठी स्थळं बघत होती. फोटो काढायचा तर लांब बाह्यांचा ड्रेस घाल आणि हात मागे घे, अशी आईची सूचना. एकदा अश्विनीने मुद्दाम हात पुढे घेऊन फोटो काढून घेतला, मंदारकडूनच. एका स्थळाकडून विचारणा आली की फोटोत लाइटचा काही प्रॉब्लेम झालाय का?

अश्विनीने उत्तर पाठवलं. "नाही, लाइट चांगला होता."

आईने त्यानंतर तो फोटो कुणालाच पाठवला नाही.

मग निखिल आला. मेलबर्नला आयटीत असतो, कोणाच्या तरी ओळखीतून नंबर मिळाला होता. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर अश्विनीने दोन्ही हात कॅमेऱ्यापुढे धरले. "हे असं आहे. आत्ताच बघून घे."

तो म्हणाला, "ते दिसलं. सुऱ्या कुठे ठेवतेस?" त्याला कोणीतरी फक्त सुऱ्यांचं सांगितलं होतं आणि तो बिचारा त्यांनाच घाबरून होता.

नंतर ते रोज बोलायला लागले. एका दुपारी लॅबच्या कँटीनमध्ये ती माझ्यासमोर येऊन बसली, कॉफी तशीच ठेवून. "ताई, आवडलाय गं मला. तिथेच घोळ झालाय. आधीच्यांना उडवून लावायला काही वाटायचं नाही."

घोळ असा होता की निखिलने आईला सगळं सांगितलं होतं, नोकरी, सांगली, अगदी सुऱ्यासुद्धा. फक्त हातांचं सांगितलं नव्हतं. समोरासमोर भेट झाली की आई विरघळेल, असं त्याचं म्हणणं. मुलग्यांना असं का वाटतं कोण जाणे.

*

निखिलची आई नाशिकहून त्याच्याकडे आली आणि दोघं एका वीकेंडला सिडनीला आले. अश्विनी शेअरिंगमध्ये राहते, म्हणून कार्यक्रम माझ्याकडे. मी पोहे केले. सकाळीच तिच्या आईचा मला फोन आला होता. "वैशालीताई, तेवढी ओढणी तिच्या हातांवरून घ्यायला सांगा हो. पहिल्या भेटीपुरती."

मी ओढणी इस्त्री करून खुर्चीवर ठेवली. अश्विनी आली, तिने ओढणी बघितली, नीट घडी करून माझ्या कपाटात ठेवून दिली. कुडता अर्ध्या बाह्यांचा होता.

निखिलची आई वाईट बाई नव्हती. गप्पिष्ट होती आणि तिला मुलाचं भारी कौतुक होतं. "ग्लेन वेव्हर्लीला घर घेतलंय याने. चांगलं चार बेडरूमचं. पत्त्यावर शाळा मिळते तिथे, आणि झोन असा की लोक नुसत्या त्या पत्त्यासाठी भांडतात. मागे अंगण आहे, पुढे अंगण आहे. एकटा राहतो तिथे, घर खायला उठतं."

अश्विनी पोह्यांच्या बशा घेऊन आली. पहिली बशी तिने त्यांच्यापुढे धरली. त्या बोलता बोलता थांबल्या. हातांवरून त्यांची नजर वर गेली आणि परत हातांवर आली.

"आई, मी सांगणारच होतो," निखिल म्हणाला.

"तू गप्प बस."

अश्विनीने बाकीच्या बशा दिल्या, स्वतःची घेतली आणि समोर बसली. मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला. ही पोरगी काय बोलू शकते ते मला माहीत होतं, आणि हा मुलगा तिला हवा होता तेही माहीत होतं. एवढ्या वेळी तरी गोड बोल, असं मी मनातल्या मनात म्हणत होते.

"डॉक्टरांना दाखवलंस का?" त्यांनी विचारलं.

"हॉस्पिटलातच असते मी, काकू."

"औषध?"

"घेतलं बरीच वर्षं. आता नाही घेत."

निखिल पोह्यांतले शेंगदाणे एका कडेला करत होता. त्याच्या आईने चमचा खाली ठेवला. मग पुढे वाकून, भिंतीपलीकडे कोणी ऐकत असल्यासारखा आवाज बारीक करून, त्यांनी विचारलं, "आणि हे वाढतं का गं?"

"वाढतं ना, काकू," अश्विनी म्हणाली. "घर केवढं म्हणालात तुमचं?"